व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला?

"झाला अभ्यास!" भाची म्हणाली. काय केलंस? "व्हिडिओ पाहिला." तोही दुप्पट वेगाने! अगं, विचार करायला वेळ कुठून मिळणार तुला?

काल भाचीला एक वर्गसमीकरण घातलं. एक ओळ लिहिली आणि अडली. अर्धं मिनिटही झालं नसेल, फोन उचलला, वहीचा फोटो काढला, उत्तर पायऱ्यांसकट हजर. तिने ते सुबक अक्षरात उतरवलं आणि वही मिटली. त्याच गणितातले आकडे बदलून दिले, तर पुन्हा पहिल्याच ओळीवर गाडी अडली! अरे, ते अडणं, खाडाखोड करणं, डोकं खाजवणं, तेच तर शिकणं असतं ना? तेच काढून घेतलं तर उरलं काय?

आणि शाळा? गृहपाठ ग्रुपवर, सूचना ग्रुपवर, वर पालकांना उपदेश की मुलांना फोनपासून लांब ठेवा. कसं ठेवायचं, सांगा ना! फोन नुसता जवळ असला तरी मुलांचं लक्ष उडतं, असं युनेस्कोने २०२३च्या अहवालात १४ देशांच्या आधाराने लिहिलंय. वाचलं कोणी?

निबंधांचं तर बोलूच नका. नोव्हेंबर २०२२मध्ये मागाल ते लिहून देणारं चॅटजीपीटी आलं आणि सगळी मुलं एकाच आवाजात लिहायला लागली. 'माझी आजी' या निबंधात आजीच नाही! तिची हाक नाही, तिचे खरखरीत हात नाहीत, नुसती गुळगुळीत वाक्यं. मला ती नकोत. चुकलेली वेलांटी चालेल, मोडकं वाक्य चालेल, पण त्या पोरीचं स्वतःचं द्या!