उसातला खून आणि थ्री फेज

आज दुपारी पुण्याच्या भाच्यानं एका वेब सिरीजची लिंक पाठवली. "मामा, बघच. तुमच्याकडचाच विषय आहे, गावातला खून." दोन भाग कसेबसे बघितले. डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

गाव म्हणे कोल्हापूरचं. खून मे महिन्यात होतो आणि शेजारच्या फडात ऊसतोड जोरात चालू! मे महिन्यात कारखान्याचं धुराडं कधीच गार झालेलं असतं राव. वर तो हिरो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून रात्री आडसाली उसातनं पळतोय. सोळा महिन्यांचा, लोळलेला ऊस. पळून दाखव भावा. पाल्यानं हात-मान असं कापून निघतंय की खुनी राहू दे, आधी खोबरेल तेल शोधत बसशील.

असू दे. सिनेमावाल्यांना तेवढी सूट देऊया. पण खुनाचं कारण? तर देवीचा कोप, एक लंपट पाटील आणि अमावस्या. अरे, सातबारा कुठाय? आमच्यात माणूस गेला की रडणं थांबायच्या आत कुणीतरी विचारतंय, रान आता कुणाकडं? दोन भागांत एक बांध नाही, पाण्याची पाळी नाही, तलाठी नाही. भुतं मात्र पैशाला पासरी.

मी दहावीला असताना भावकीतले एक काका विहिरीत सापडले. पंचनाम्यात आलं: रात्री मोटर चालू करायला गेले, पाय घसरला. अकस्मात मृत्यू. मिटला विषय.

ज्यांची शेती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शेतीच्या थ्री फेज लाईटची पाळी असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या लाईनला, दिवसपाळी होती. रात्री गावात बल्ब चालू होते, त्यामुळं बाहेरनं आलेल्या फौजदाराला वाटलं लाईट होती. होती की, सिंगल फेज, घरातल्या बल्बापुरती! त्याच्यावर थ्री फेजची मोटर फिरतीय होय? (काहीजण कंडेन्सर लावून सिंगल फेजवरही मोटर ओढतात, माहीत आहे. काकांकडं तो नव्हता.) लाईटचं वेळापत्रक गावात पोराटोरांनाही पाठ होतं, पंचांना नसेल? कुणी चकार शब्द काढला नाही. आज्जी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मोटर चालू कराय गेला म्हनं. लाईट कुठं हुती?" वडलांनी तिला गप्प केलं.

आणि ही सिरीज दाखवते की गाव अडाणी, म्हणून गप्प. अडाणी? ज्याच्यावर संशय, त्याच्याच रानातनं आपली उसाची गाडी बाहेर पडायची असते. आपलं पाणी त्याच्याच पाटानं यायचं असतं. एवढा हिशोब पुण्यात फ्लॅटमध्ये बसून कोण करतंय?

विहिरीत माणसं घसरूनही पडतात, मान्य. बांधावरची बहुतेक भांडणं शिव्यांवर नाहीतर सरकारी मोजणीवर मिटतात, तेही मान्य. गावोगाव मुडदे पडतात असं मी म्हणत नाही. पण लिहायचंच असेल तर खरं लिहा की. 2005 च्या कायद्यानं पोरींना वडिलोपार्जित जमिनीत पोरांइतका हिस्सा दिला. त्यानंतर दिवसकार्याच्या मांडवात हक्कसोडपत्राचे कागद कसे फिरतात, कोण कुणाला गाडीत घालून सही करायला नेतंय, हे लिहा. अंगावर काटा येईल, अमावस्या लागणार नाही.

काकांच्या बाराव्याला दीर असाच कागद घेऊन आला होता. काकी कोपऱ्यात बसलेली, पदर डोळ्यांपर्यंत. मला वाटलं करणार सही. तिनं कागद हातात घेतला, घडी घातली आणि चोळीत ठेवला. म्हणाली, "वाचून घेते कुणाकडनं तरी." परत दिलाच नाही! स्वतः तलाठ्याकडं जाऊन वारसनोंद करून घेतली. आज तीस गुंठ्यांच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे, कारखान्यात उसाची नोंद तिच्या नावावर आहे. ह्या बाईवर कुणी सिरीज काढत नाही. तिला अंगात आणून घुमायला लावतील फार तर.

थोडा शांत झालो होतो, तर आत्ताच गावाकडनं फोन आला. दिरानं तिची वाट नांगरून टाकली आहे. यंदा तिचा ऊस मोळ्या बांधून डोक्यावरनं रस्त्यापर्यंत आणावा लागला. मामलेदार न्यायालयाचा 1906 चा कायदा आहे, अडवलेली वाट मोकळी करायला. त्याखाली तिनं अर्ज दिलाय. तहसीलची माणसं काल जागेवर येऊन गेली. पंच अर्थातच भावकीतले. त्यातला एक, चांगला सत्तरीचा माणूस, लिहून देतोय की तिथनं वाट कधी नव्हतीच. शाळेत असताना मी त्याच वाटेनं त्याच्याच बैलगाडीत बसून गेलोय.