हट्टाचे हप्ते

मुलांना महागड्या वस्तू घेऊन द्याव्यात की नाही, या विषयावर मी फार चांगलं बोलतो. बारशात बोललोय, वास्तुशांतीत बोललोय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत बोललोय. पेशाही साजेसाच आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी वसुली अधिकारी आहे, त्यामुळे ऐपतीबाहेरच्या खर्चाची उदाहरणं माझ्याकडे पत्त्यांसकट असतात. ‘मागितलं की मिळतं, ही सवय वाईट’ असं मी सुरू केलं, की आमची ही पानातलं मीठ नीट आहे का ते बघायला लागते.

कन्येला दहावीत असताना आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, शब्द दिला होता : नव्वद टक्के पाड, फोन माझ्याकडून. आईच्या डोक्यात फोनची किंमत तिच्या स्वतःच्या बटणांच्या फोनइतकी, दीडेक हजार. मी मध्ये पडलो नाही, कारण पूर्वपरीक्षेत कन्येला चौऱ्याऐंशी टक्के होते आणि पूर्वपरीक्षेवर माझी श्रद्धा होती. मे 2025 मध्ये निकाल लागला. सहाही विषय धरले असते तर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास मामला मिटत होता. पण बोर्ड उत्तम पाच विषय धरतं, आणि त्यावर इंटरमिजिएट चित्रकलेचे सवलतीचे गुण. झाले 90.40. त्या चित्रकलेचे पोस्टर कलर आणि तीन नंबरचा ब्रश मी भर पावसात मारुती चौकातून आणून दिला होता, हे घरात कुणाला आठवतही नाही.

कन्येची मागणी तशी साधी होती. हॉल तिकिटाच्या पाठीमागं तिनं लिहून दिलं : वीस हजारांच्या आसपास, बॅटरी चांगली, क्लासच्या पीडीएफ नीट दिसाव्यात, रंग काळा नको. इतकंच. थकबाकीदाराकडून एवढं मुद्देसूद निवेदन मला आजवर मिळालेलं नाही. गोष्ट तिथंच संपली असती. पण ती मोठ्यांच्या हातात गेली.

पुण्याहून आत्या स्पीकरवर आली. ‘‘दादा, घ्यायचाच तर आयफोन घे. पाच-सहा वर्षं बघायला नको.’’ मग मेहुणा आला. त्यानं विषय शेतजमिनीसारखा मांडला. ‘‘दाजी, त्याला रिसेल आहे. सोळा नंबर आला तेव्हा 79,900 चा होता. सतरा येऊ दे, दहा हजारानं उतरतोय बघा. तेव्हा उचला. दहा हजार वाचले.’’ सप्टेंबरात सतरा आला आणि सोळा खरंच 69,900 वर उतरला, त्यामुळं मेहुण्याचा घरात भाव वाढला. वीस हजारांची वस्तू मागणाऱ्या मुलीला सत्तर हजारांची देऊन दहा हजार वाचवायचे, हे गणित आमच्या संस्थेत कुणी मांडलं असतं तर आम्ही त्याला संचालक केलं असतं.

मला आशा आबांकडून होती. वडील साखर कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेत. मला दहावीनंतर रेंजर सायकल हवी होती तेव्हा ‘चालत गेलास तर झिजणार आहेस का’ असं विचारून त्यांनी विषय संपवला होता. पण नातवंडांच्या बाबतीत माणसाचं संविधानच बदलतं. आबांनी मनगट पुढं केलं. एचएमटी जनता, चावीचं. घड्याळांचा तो धंदा सरकारनं 2016 साली गुंडाळायचं ठरवलं, आबांचं घड्याळ अजून चालू आहे. ‘‘पहिल्या बोनसचं हाय हे. तुला काय वाटलं, वेळ बघायला घेतलं होतं? अरे, कारखान्याचा भोंगा साऱ्या गावाला वेळ सांगायचा. बाही वर सारून चहाचा कप धरायला घेतलं होतं. तिलाबी धरू दे.’’

भोंग्यावरून आठवलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 पासून तिथं संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावानं मोबाईल-टीव्ही बंद ठेवायचा, पोरांनी अभ्यासाला बसायचं. बातम्या साऱ्या देशात झाल्या. हिची मावसबहीण तिथंच दिलेली. कन्येला उदाहरण दाखवावं म्हणून मी मुद्दाम सगळ्यांना घेऊन गेलो. सात वाजता भोंगा झाला. सहावीतलं पोरगं दप्तर घेऊन बसलं. कन्येनं हिचा फोन हिच्या पर्समध्ये ठेवला. मी संस्थेच्या ग्रुपवर दिवसाची वसुली टाकत होतो. ते पोरगं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालं, ‘‘काका, भोंगा झाला.’’ मग साडेआठपर्यंत आम्ही मोठी माणसं गप्पा मारत बसलो. विषय : कुणी कुठला फोन घेतला आणि केवढ्याला.

परतताना गाडीत मी शेवटचं अस्त्र काढलं. स्टीव्ह जॉब्स. आयपॅड तुमच्या मुलांना आवडला का, असं एका पत्रकारानं विचारलं, तर ‘त्यांनी तो वापरलेलाच नाही’ म्हणाला. ही गोष्ट ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये 2014 साली छापून आलेली आहे, आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र ती अजून दर आठवड्याला ताजी येते. कन्या खिडकीतून ऊस बघत म्हणाली, ‘‘पप्पा, त्यांच्या मुलांना अकरावीचा फॉर्म भरायचा नव्हता.’’

यावर मला उत्तर नव्हतं, कारण तो फॉर्म मी भोगला होता. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. नोंदणीला ओटीपी, पसंतीक्रमाला पुन्हा लॉगिन, यादी लागली की पुन्हा. नंबर माझा. ही शाळेत शिकवते आणि तिचा फोन वर्गात बंद, म्हणून सगळे ओटीपी माझ्या खिशात. आणि माझा खिसा दिवसभर थकबाकीदारांच्या दारात.

तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदाराकडं बसलो होतो. तीन हप्ते थकलेले. अवकाळीनं घड गेले, दर पडला, औषधाची उधारी तशीच, हे सगळं खरं होतं; पण खरं असलं तरी वसुली अधिकाऱ्यानं चेहरा दगडी ठेवायचा असतो. मी चेहरा ठेवला. ‘‘काका, कायदेशीर कारवाई—’’ एवढं म्हणालो आणि फोन वाजला. ‘‘पप्पा, ओटीपी.’’ मी आकडे सांगितले. चेहरा पुन्हा ठेवला. ‘‘तर, सहकार कायद्याच्या कलम 101 खाली—’’ फोन. ‘‘पप्पा, तो संपला. दुसरा आलाय बघा.’’ तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा काकांनीच तांब्या पुढं सरकवला.

‘‘साहेब, पोरीला एक फोन घिऊन टाका की. किती त्रास तुमास्नी.’’

‘‘बघू की.’’

‘‘बघायचं काय त्यात? आमी घेतला.’’ आणि आतून त्यांचा चिरंजीव बाहेर आला. इंजिनिअरिंगला, होस्टेलवरून सुट्टीला आलेला. हातात आयफोन. कव्हरशिवाय. कव्हरशिवाय वापरतात ही श्रीमंतीची नवी खूण आहे, कारण कव्हर घातलं तर ते कळत नाही.

मी बघितलं ते काकांनी बघितलं. ‘‘तुमच्या हप्त्यातलं न्हाय हां साहेब,’’ ते घाईनं म्हणाले. ‘‘ते दुसऱ्या फायनान्सचं हाय.’’ मग थोडं थांबून, ‘‘खोलीत चार पोरं. तिघांकडं हाय. ह्यो सुट्टीत आला तवा दोन दिस बोलला न्हाय. बाग गेली ती आमची गेली, त्याला कशाला कळाय पायजे?’’

वसुली अहवालात ‘थकबाकीचे कारण’ असा रकाना असतो. मी त्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहिलं.

तेव्हापासून माझ्या भाषणात थोडा फरक पडलाय. पूर्वी मी ऐपतीवर बोलायचो. पण ऐपत हा माझा धंदा असून सांगतो, ती कागदावर कुणाचीच बसत नाही. आता मी एवढंच विचारतो : ती वस्तू लेकराच्या हातून बादलीत पडली तर तुम्ही आधी कुणाकडं बघाल, लेकराकडं की बादलीकडं? बादलीकडं बघणार असाल तर ती तुमच्यासाठी महाग आहे, मग किंमत पाच हजार असो की लाख. स्वतःचं मोजमाप मी काढलंय. माझी नजर तीस हजारांपर्यंत लेकराकडं जाते. त्यापुढं बादली.

तर तीसच्या आत, असं ठरलं. तरी मी रेटत होतो. पितृपक्ष आला, तो फुकटात मिळाला. त्या काळात आमच्याकडं चमचासुद्धा घेत नाहीत. शिवाय 22 सप्टेंबरपासून जीएसटी उतरणार अशी घोषणा झालेली होती. मी म्हणालो, थांबूया, स्वस्त होईल. एसी उतरले, बत्तीस इंचांवरचे टीव्ही उतरले, 28 टक्क्यांवरून 18 वर आले. मोबाईल आधीच 18 वर होता, तो तिथंच बसून राहिला. कन्या म्हणाली, ‘‘पप्पा, मग टीव्ही घ्यायचा का?’’ सूर सरळ होता, पण मुलगी माझी आहे.

दसऱ्याला आम्ही विश्रामबागेतल्या एका मोठ्या दुकानात पोचलो. आबा, आई, आम्ही दोघं, कन्या, आठवीतला धाकटा आणि सल्लागार म्हणून मेहुणा. काचेचं दार उघडताच टाय लावलेला एक मुलगा ‘‘सर, बजेट?’’ म्हणाला. मी ‘‘वीस’’ म्हणालो, मेहुणा ‘‘सत्तर’’ म्हणाला, आईनं रुमालाची गाठ सोडून दहा हजार रुपये काउंटरवर ठेवले आणि ‘‘उरलेले परत दे बाळा’’ म्हणाली. मुलगा गोंधळला नाही. त्यानं तिघांनाही तीन वेगवेगळे फोन दाखवायला सुरुवात केली.

कन्येनं चौथाच उचलला. 23,999. तिनं तो महिन्यापूर्वीच ठरवलेला होता, असं आता दिसायला लागलं. मी रोख काढायला लागलो तर मुलगा म्हणाला, ‘‘सर, रोखीत सूट नाही. कार्डावर हप्त्यानं घेतला तर दोन हजार कमी. नो कॉस्ट ईएमआय.’’

इथं मी खुर्ची ओढली. पंचवीस वर्षं कर्ज विभागात घालवलेल्या माणसासमोर बिनव्याजी हप्ता म्हणजे काय, हे बोलायचं नसतं. मी त्याला सांगितलं, की बाळ, व्याज असतंच; ते किमतीतल्या सवलतीआड लपवतात, वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी निराळी. तो नम्रपणे हो म्हणाला. मी पत्रकाच्या मागं आकडेमोड केली. सगळं धरून हप्त्यानं घेतलेला फोन रोखीपेक्षा चौदाशे रुपयांनी स्वस्त पडत होता. पुन्हा केली. पुन्हा तेच. आयुष्यभर ‘अंथरूण पाहून’ म्हणत आलेला मी उधारीच्या कागदाशी आलो.

‘‘जामीनदार किती लागतील?’’ मी विचारलं. आमच्याकडं पन्नास हजारांना दोन लागतात, शिवाय पगारपत्रक.

‘‘ते ॲक्सेसरीजच्या काउंटरला बघा सर.’’

जामीनदार लागला नाही. ओटीपी लागला. माझ्याच फोनवर आला. मग टेम्पर्ड ग्लास, मग कव्हर, मग स्क्रीन फुटली तर भरपाईची योजना. ती योजना कन्येला नको होती, आईला हवी होती. ‘‘माणसाचा विमा काढतोस, मग ह्याचा काढ की.’’ दहा हजारांतून सातशे परत आले आणि आईला वाटलं, सगळा फोन त्यातच झाला. तिला अजून तसंच वाटतं. पेढेही तिनंच वाटले.

पुढच्या महिन्यात, हप्त्याच्या तीन दिवस आधी, बरोबर मी वसुलीला निघालो असताना फोन आला. एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, आपला हप्ता अमुक तारखेला आहे, कृपया खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी, आपला दिवस शुभ जावो. मला राहवलं नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, ‘‘मॅडम, मी याच धंद्यातला आहे म्हणून सांगतो. एवढं गोड बोलून वसुली होत नसते. आवाजात थोडी जरब पाहिजे, जामीनदाराचं नाव मध्येच सहज टाकायचं, आणि दिवस शुभ जावो वगैरे तर अजिबात नाही.’’

पलीकडं क्षणभर शांतता झाली. मग ती त्याच गोड आवाजात म्हणाली, ‘‘हा संदेश पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.’’