ड्राफ्ट पुन्हा लाल करण्याआधी

परवा एका तरुण कॅप्टनचा फोन आला. ब्रिगेड हेडक्वार्टरला जीएसओ-थ्री आहे, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा कनिष्ठ स्टाफ अधिकारी. म्हणाला, "सर, सहा महिने झाले, मी लिहिलेलं एकही पत्र जसंच्या तसं गेलं नाही."

मला माझी पहिली स्टाफ पोस्टिंग आठवली. युनिटमध्ये जवानांबरोबर रात्री-अपरात्री पेट्रोलिंगला जाणारा मी एकदम टेबलामागे. प्रशिक्षणाची खडकवासल्याची ३ वर्षं, डेहराडूनचं १, पण हेडक्वार्टरची फाईल कशी चालते हे तिथे कुठे कळतं? वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स येतो बऱ्याच वर्षांनी, तोही परीक्षेतून निवड झाली तर. तोवर शिकवणार वरचे साहेबच. माझ्या साहेबांनी ड्राफ्ट लाल शाईने रंगवून सहा वेळा परत पाठवला आणि सातव्यांदा स्वतःच लिहिला. काय चुकलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे मी ड्राफ्टवर मेहनत घेणंच सोडलं. ते बदलणारच होते. मला शिकवलं ते हेडक्लार्क सुभेदारसाहेबांनी, जुन्या फायली पुढ्यात ठेवून.

ही सवय पत्रापुरती राहत नाही. १९६२ च्या चीन युद्धात नामका चू या सीमेवरच्या नदीवर ४ कोअरचे (अनेक ब्रिगेडांच्या वरच्या फौजेचे) कमांडर जनरल कौल स्वतः पुढे जाऊन बटालियनच्या हालचाली ठरवत होते. तिथल्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर दळवी जागेवर असून त्यांच्या म्हणण्याला किंमत नव्हती. दारूगोळा, गरम कपडे, सगळ्याचीच वानवा होती हे खरं. पण जागेवरच्या माणसाचं ऐकलं गेलं नाही, हे मला जास्त टोचतं. त्याच ४ कोअरने १९७१ मध्ये सगत सिंगांच्या हाताखाली हेलिकॉप्टरने पूर्व पाकिस्तानातली मेघना नदी ओलांडली. प्रत्येक टेबल वरच्या सहीसाठी अडून बसलं असतं, तर हे जमलं असतं का?

वरच्यांची भीती मला कळते. कॅप्टनची चूक ब्रिगेड मेजरच्या, म्हणजे त्याच्या वरच्या स्टाफ अधिकाऱ्याच्या, नावावर जाते, एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) समोर असतो. म्हणून ऑपरेशन ऑर्डरमधला ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा आकडा), वेळा, दारूगोळ्याचे आकडे स्वतः तपासाच, एकेक अंक. पण पाहुण्यांच्या भेटीचा कार्यक्रम त्याच्या शब्दांत जाऊ द्या. आणि पहिल्याच आठवड्यात अर्धा तास त्याला जवळ बसवून सांगा: हा कागद कोण वाचणार, त्यावर कुठला निर्णय अडलाय.

त्या कॅप्टनला म्हटलं, पुढचा ड्राफ्ट पाठवू नकोस, घेऊन जा, आणि साहेबांकडे दहा मिनिटं माग. सोमवारी जातो म्हणाला.