'मी फक्त माझी शंका बोलून दाखवली'

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला वहिनीने एक व्हिडिओ पाठवला आणि पाठोपाठ फोनच केला. "ताई, हे आधी बघा. उद्याचं रद्द करायचं का?"

उद्याचं म्हणजे माझ्या भाचीची एचपीव्हीची लस. ती अकरा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्यावरची ही लस.

व्हिडिओ अमेरिकेतला, ४ डिसेंबर २०१३ रोजी दाखवलेल्या 'केटी' या दुपारच्या कार्यक्रमातला. केटी कुरिक पंधरा वर्षं रोज सकाळी 'टुडे' या टीव्ही कार्यक्रमातून लोकांच्या घरात जात होत्या, त्यानंतर त्या सीबीएस वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या देत. तिथल्या लोकांना त्या घरच्याच वाटतात. व्हिडिओत एक आई सांगते की तिसरा डोस घेतल्यावर अठराव्या दिवशी तिची मुलगी गेली. खाली कुणीतरी मराठीत मजकूर जोडला होता: एवढी मोठी पत्रकार हे दाखवते म्हणजे काहीतरी असणारच. आणि टीव्हीवर कुणी स्वतःची शंका बोलून दाखवली तर बिघडलं कुठे? मत आहे, ज्याला पटेल त्याने घ्यावं.

हा मजकूर वेगवेगळ्या लसींच्या नावाने मी याआधीही वाचला आहे. त्या रात्री वहिनीशी तासभर बोलले, ते आता नीट लिहून काढते.

"मत आहे, ऐकायची सक्ती थोडीच आहे?"

सक्ती नसते, हे खरं. पण टीव्हीवरच्या माणसाच्या शब्दाला किती वजन असतं, याचा पुरावा खुद्द कुरिक यांच्याच आयुष्यात आहे. १९९८ मध्ये त्यांचे पती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने वारले. वय अवघं ४२. दोन वर्षांनी, मार्च २००० मध्ये, त्यांनी 'टुडे'च्या कॅमेऱ्यासमोर स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घेतली. दुर्बिणीची नळी आत जातानाचं चित्र लोकांनी नाश्ता करता करता पाहिलं. नंतर संशोधकांनी मोजदाद केली. एक डॉक्टर महिन्याला सरासरी १५ कोलोनोस्कोपी करत होता, तो आकडा १८.१ वर गेला. एका बाईने आपलं दुःख आणि आपलं शरीर लोकांसमोर ठेवलं, आणि हजारो माणसं तपासणीसाठी जाऊन उभी राहिली.

मला त्यांच्याबद्दल त्यासाठी आजही आदर आहे. पण मग त्याच बाईच्या कार्यक्रमातून लसीची भीती पसरली, तर तिचा परिणाम शून्य कसा होईल? चांगल्या कामाला वजन आणि चुकीला मात्र वजन नाही, असं होत नसतं. २८ ऑक्टोबर १९५६ ला तरुणांचा लाडका गायक एल्विस प्रेस्लीने न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर बाही वर करून पोलिओची लस टोचून घेतली, तीही याच हिशेबाने. तरुण मुलं लसीकडे फिरकत नव्हती आणि ती ऐकतील तर त्याचंच, हे आरोग्य खात्याला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात नवऱ्याशी बोललेली शंका खाजगी असते. स्टुडिओत, दिव्यांच्या उजेडात, लाखो आयांसमोर बोललेली शंका हा सल्लाच होतो, बोलणाऱ्याने त्याला काहीही नाव दिलं तरी.

"आई खोटं कशाला बोलेल?"

नाही बोलत. वहिनीने हेच विचारलं तेव्हा मी गप्प झाले, कारण व्हिडिओतल्या त्या आईचा चेहरा मलाही बघवत नव्हता. तिचं दुःख सोळा आणे खरं आहे. पण "त्यानंतर झालं" आणि "त्यामुळे झालं" यातलं अंतर कितीही रडलं तरी भरून निघत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याकडे शेतावरचा माणूसही जाणतो. लाखो मुलींना लस दिली की त्यांतल्या काहींचं दुखणं, दुर्दैवाने काहींचा मृत्यूही, पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत येणार. लस दिली नसती तरी आला असता. खरा प्रश्न असा, की लस घेतलेल्यांत हे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे का. त्याचं उत्तर कुठल्याही एका आईजवळ नसतं. ते मोजावं लागतं.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात अभिनेत्री जेनी मॅकार्थी आल्या. मुलाला ऑटिझम झाला आणि त्याचं कारण लस, असा त्यांचा ठाम समज होता. ऑप्रांनी सरकारी रोगनियंत्रण केंद्राचं निवेदन वाचून दाखवलं. त्यावर मॅकार्थी म्हणाल्या, माझं विज्ञान म्हणजे माझा मुलगा, तो घरी आहे. सगळा स्टुडिओ त्यांच्या बाजूने झाला. अशा वेळी कागदावरचं निवेदन कसं टिकणार? पण मोजणी झालेली आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो हा संशय १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या अवघ्या १२ मुलांवरच्या लेखातून पसरला. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. ऑटिझमची लक्षणं दिसू लागण्याचं आणि या लसीचं वय जवळपास एकच, म्हणून आयांच्या मनात ती जोडी बसते.

आईच्या शंकेचं सगळ्यात मोठं नुकसान कधीकधी तिलाच सोसावं लागतं, आणि हे फार कमी बोललं जातं. १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका वाहिनीने डांग्या खोकल्याच्या लसीवर कार्यक्रम केला. लस टोचल्यावर झटके येऊ लागलेली, मेंदूला कायमची इजा झालेली मुलं त्यात दाखवली. आयांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. झटके खरे होते. लसीनंतर ताप येतो, तापात पहिला झटका येऊ शकतो, हेही खरं. पण २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे सॅम्युअल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच १४ रुग्णांचे जनुक तपासले, तर ११ जणांत एससीएन१ए नावाच्या जनुकात दोष सापडला. ड्रॅव्हे सिंड्रोम या झटक्यांच्या जन्मजात आजाराचा. लस टोचो न टोचो, हा आजार पहिल्या वर्षात डोकं वर काढतोच. किती आयांनी वर्षानुवर्षं "मीच त्याला सुई टोचायला नेलं" म्हणून स्वतःला बोल लावला असेल! टीव्हीने त्यांना एक उत्तर हातात दिलं आणि खऱ्या उत्तराचा शोध तिथेच थांबला.

"दोन्ही बाजू दाखवायला नकोत का?"

दोन बाजू तेव्हा दाखवाव्यात, जेव्हा तराजूची दोन्ही पारडी भरलेली असतात. 'केटी'च्या त्या कार्यक्रमात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेलेल्या बाईची लेक किती वेळ दिसली? जिला लसीमुळे कर्करोग झालाच नाही ती मुलगी तर कधीच दिसणार नाही. न झालेल्या आजाराचा चेहरा नसतो, हीच लसीची अडचण आहे. भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे अंदाजे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ८० हजार बाया गेल्या. आमच्या सोलापूरकडे घरोघरी अशी एखादी काकू, एखादी मावशी निघते, जिचं "अंगावरून जात होतं" आणि ती कुणाला बोलली नाही. कुठल्या स्टुडिओत तिला खुर्ची मिळाली?

लसीचं संरक्षण पाच वर्षांत संपतं, असंही त्याच कार्यक्रमात एका पाहुणीने सांगितलं. तेही टिकलेलं नाही. स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली आणि तरुण स्त्रियांची नोंद तपासून २०२० मध्ये दिसलं, की १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आहे.

"आपल्याकडेही सात मुली गेल्या, ते का लपवता?"

हे वहिनीने पाठवलेल्या मजकुराच्या शेवटी होतं, आणि याला उडवाउडवीचं उत्तर देता येणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. चौकशीत निघालं ते असं: एक मुलगी पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एकीला मलेरिया. उरलेल्या दोघींतही मृत्यूला लस कारण असल्याचं निघालं नाही. पण त्याच चौकशीत असंही निघालं की वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. हा गुन्हाच आहे माझ्या दृष्टीने. गरिबाच्या पोरीची संमती कुणी दुसऱ्याने द्यायची नसते. यावर जितका आवाज उठला तितका कमीच. मात्र तो दोष लस देणाऱ्यांच्या वागणुकीचा होता, कुपीतल्या औषधाचा नव्हता.

त्याच वेळी देशात या लसीचा एक वेगळा अभ्यासही चालू होता. त्याच्या केंद्रांत पुणे होतं आणि आमची बार्शीही. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल या आजाराशी फार पूर्वीपासून झुंजतंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायांचा अभ्यास त्यांनी टाटा रुग्णालयासोबत केला, त्यातून एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळलं. तर, २०१० च्या बंदीने लसीचा अभ्यासही मध्येच अडकला. कुणाला तीन डोस मिळाले, कुणाला दोन, आणि ४,९५० मुलींना एकच. संशोधकांनी या मुलींची पाठ सोडली नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर एकच डोस मिळालेल्या मुलींतही विषाणूच्या १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल म्हणून सांगितलं, त्यामागे ज्या अभ्यासांचा आधार आहे त्यांत या मुली आहेत. आपल्या बार्शीच्या मुली. त्यांच्याबद्दल कुणी व्हिडिओ पाठवत नाही.

"मग प्रश्नच विचारायचे नाहीत?"

विचारायचे. उत्तर मिळेल तिथे विचारायचे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची रोटाशील्ड नावाची लस आली. बाळांच्या आतड्याला पीळ पडल्यासारखा गंभीर त्रास काही जणांत दिसू लागला. डॉक्टरांनी सरकारी नोंदवहीत कळवलं, पंधरा नोंदी झाल्या आणि जुलै १९९९ मध्ये वापर थांबला. नंतरच्या हिशेबाने दहा हजारांत साधारण एक असं ते प्रमाण होतं. एवढ्या बारीक गोष्टीचा माग लागला तो नोंद ठेवणाऱ्यांमुळे. शंका तिथे पोचली म्हणून तिचं काम झालं.

आणि एक गोष्ट त्या व्हिडिओत नाहीच. कार्यक्रमानंतर सहा दिवसांनी कुरिक यांनी स्वतः लिहून मान्य केलं, की कार्यक्रम लसविरोधी झाल्याची टीका काही अंशी रास्त होती आणि क्वचित दिसणाऱ्या गंभीर त्रासांना त्यांनी फार जास्त वेळ दिला. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, ते त्यांनी दाखवलं. पण तुकडा कापणाऱ्याने तेवढंच वगळलं. आज इतक्या वर्षांनीही तो तुकडा सोलापुरात रात्री साडेअकराला एका आईची झोप उडवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वहिनीने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले, मोबाईलवर लिहूनच आणले होते. तिसरा होता, "चक्कर येते म्हणतात, ते खरं का?" डॉक्टर म्हणाल्या, "हो, या वयाच्या मुलींना कुठलीही सुई टोचल्यावर येऊ शकते. म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवते." भाचीने डोळे घट्ट मिटून डावा दंड पुढे केला. मग आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, तिचा हात पोरीच्या पाठीवर होता. बाराव्या मिनिटाला भाची म्हणाली, "आत्या, भूक लागली."