मुले वाढवून वॉर्डात परतणाऱ्या सिस्टरला फ्रेशर म्हणू नका

माझ्याच बॅचची एक मैत्रीण आज मुलाखत देऊन आली आणि फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही. मुले लहान असताना तिने नोकरी सोडली होती. आता धाकटा शाळेत रुळला आहे आणि तिला पुन्हा ड्युटीवर उभे राहायचे आहे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला आधी गोड शब्दांत सांगितले की, घरी मुलांची आजारपणे काढणे हेही नर्सिंगच आहे, त्यामुळे तुमच्या हाताची सवय मोडलेली नसणार. आणि त्याच दमात सांगितले की, मधली वर्षे रिकामी असल्यामुळे आम्ही तुम्हाला फ्रेशर म्हणूनच घेऊ शकतो, पगारही फ्रेशरचाच मिळेल. सर्जिकल वॉर्डात इन्चार्ज म्हणून काम केलेल्या बाईची पाटी त्यांनी एका वाक्यात कोरी करून टाकली. मला संताप आला आहे आणि तो निवेपर्यंत थांबून लिहिण्याची माझी इच्छा नाही.

त्या दोन वाक्यांपैकी पहिले मला अधिक लागले. तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसणे ही माया आहे आणि ती मीही मनापासून केली आहे. पण ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून वॉर्डभर रुग्णांची माहिती, म्हणजे हँडओव्हर, घेणे, त्यांतला कोण पुढच्या काही तासांत खालावणार हे हेरणे, डॉक्टरांनी घाईत लिहिलेली मात्रा चुकीची वाटली तर औषध हातात धरून ठामपणे थांबणे, ही विद्या आहे. ती शिकून, परीक्षा देऊन आणि मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली राबून मिळते. दोन्ही एकच आहे असे म्हटले की ती विद्या कोणत्याही बाईला उपजत येणारी गोष्ट ठरते, आणि उपजत येणाऱ्या गोष्टीला कमी पगार देताना कोणाचीच जीभ अडखळत नाही.

मी स्वतः मुले वाढवून परत आले, तेव्हाच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक नाइट मला स्पष्ट आठवते. पोटाचे ऑपरेशन झालेल्या एका आजोबांच्या खाटेशी सलाइन ठरावीक गतीने सोडणारा इन्फ्युजन पंप सारखा ओरडत होता आणि पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांचा मला अर्थ लागत नव्हता. आम्ही थेंब मोजून सलाइन लावणाऱ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून तासाची गती काढणे मला झोपेतही जमते, पण ते यंत्र मला नवे होते. माझ्या निम्म्या वयाची सिस्टर आली, तिने आजोबांचा दुमडलेला हात सरळ केला आणि पंप गप्प झाला. कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी, कोपराच्या घडीत असल्यामुळे प्रवाह अडत होता. "ताई, ऑक्लुजन लिहून आलं की पंपाकडे नंतर बघायचं, आधी पेशंटचा हात बघायचा," एवढेच ती म्हणाली आणि आपल्या कामाला गेली.

त्याच रात्री, त्याच आजोबांच्या चार्टवर श्वासाचा आकडा प्रत्येक नोंदीत १८ लिहिलेला होता. मी सेकंदकाटा आणि त्यांची छाती यांवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजले, तर आकडा २८ भरला. बोटावरचे यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत होते, बीपीही ठीक होते. पण प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा श्वासाची गती आधी वाढते आणि नेमका तोच आकडा वॉर्डावॉर्डांत अंदाजाने लिहिला जातो, हे आम्हाला शिकत असतानाच बजावून सांगितले होते. आज ज्या अर्ली वॉर्निंग स्कोअरचे, म्हणजे रुग्ण खालावत असल्याचा इशारा देणाऱ्या गुणांच्या पद्धतीचे, सगळीकडे कौतुक होते, त्या ब्रिटनमधल्या २०१२ च्या तक्त्यातही मिनिटाला २५ किंवा अधिक श्वासांना सर्वांत जास्त धोक्याचे गुण आहेत. मी डॉक्टरांना उठवले आणि पहाटेच्या आत आजोबा आयसीयूत पोहोचले. आता मला सांगा, त्या रात्री मी फ्रेशर होते का?

काळ बदलला आहे, हे मी नाकारत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायच्या सीपीआरमध्ये आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि मग छातीवर दाब, असा क्रम आम्ही घोकला होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये दाब सर्वांत आधी आणला आणि आता तो मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढ माणसात किमान ५ सेंटिमीटर खोल द्यायचा असतो. नोंदी कागदावरून संगणकावर गेल्या, औषधे बदलली, काही ठिकाणी रुग्णाच्या मनगटावरचा बारकोड तपासल्याशिवाय गोळीही देता येत नाही. रुग्णाचा जीव आमच्या मानापेक्षा मोठा आहे, तेव्हा परतणाऱ्या सिस्टरची परीक्षा जरूर घ्या आणि तिला एकटीने औषधे देऊ देण्याआधी काही आठवडे कोणाच्या तरी नजरेखाली ठेवा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे सगळे शिकवता येते आणि आठवड्यांत शिकवता येते. श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्याची सवय मुरायला वर्षे लागतात आणि ती वर्षे तिने आधीच दिलेली आहेत.

पंप शिकवणाऱ्या त्या मुलीची आठवण आली की माझा राग थोडा उतरतो. तिने मला शिकवले, पण इतर कोणाच्या कानावर घातले नाही. पुढे मीही तिला रडणाऱ्या नातेवाइकाला खरी परिस्थिती कशी सांगावी ते दाखवले आणि आम्ही दोघी एकमेकींच्या आधाराने नाइट काढत राहिलो. ती नसती तर मी कदाचित पहिल्याच महिन्यात राजीनामा दिला असता. एवढी मोठी गोष्ट एका मुलीच्या चांगुलपणावर सोडून देणे योग्य नाही. परतणाऱ्या सिस्टरला शिकवणारी व्यक्ती नेमून द्या, उजळणीच्या प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण पगार द्या, जुना अनुभव पगारात धरा आणि पहिले काही आठवडे नाइटची यादी तिच्याशी बोलून लावा. यातले काहीही अवघड नाही. यासाठी पैसा लागतो, हे मलाही कळते, पण जागा रिकामी ठेवण्याची किंमत उरलेल्या सिस्टर आणि रुग्ण रोज मोजतातच की!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिका कमी होत्या. एकीकडे माणसे मिळत नाहीत म्हणून रडायचे आणि दुसरीकडे दारात उभ्या असलेल्या शिकलेल्या, अनुभवी बाईला "मुलांचे काय करणार?" असे विचारायचे, याला काय म्हणावे? वॉर्डातल्या पुरुष नर्सना मुले नसतात काय?

मैत्रिणीने संध्याकाळी त्या रुग्णालयाला नकार कळवला. घरी पैशांची गरज असतानाही कळवला, याचा मला अभिमान वाटतो. तिची नोंदणी चालू आहे, नाइट करण्याची तिची तयारी आहे आणि औषधमात्रांची गणिते आम्ही दोघी सध्या फोनवरून सोडवत असतो. तुमच्यापैकी कोणी मेट्रन असेल, किंवा अनुभव धरून पगार देणारे रुग्णालय कोणाच्या माहितीत असेल, तर मला मेसेज करा. तिला सर्जिकल वॉर्ड हवा आहे.