ड्रंक अँड ड्राइव्हमधून 'सुटायच्या' त्या व्हायरल टिपा आणि कायदा

गटारी आली किंवा ३१ डिसेंबर आला की तो मेसेज परत सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. 'दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर घाबरू नका, कायदा तुमच्याच बाजूने आहे', त्याखाली टिपांची यादी आणि शेवटी 'वकील मित्राकडून आलंय, पुढे पाठवा'. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याला एवढे अंगठे पडले की म्हटलं लिहूयाच. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा) आणि २०२ ते २०५ (त्यातली अटक आणि तपासणी) नेटवर फुकट वाचायला मिळतात, त्या 'वकील मित्राने' ती उघडून बघितली असतील असं काही वाटत नाही.

'एक बिअर चालते.' कोणती बिअर, केवढी, ते मेसेजमध्ये नाही. कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. आता स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली घ्या, अल्कोहोल ८ टक्क्यांच्या आसपास म्हणजे साधारण ५२ मिली, वजनात ४० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने ती रिकाम्या पोटी पटकन संपवली तर ढोबळ हिशोबाने आकडा ८०च्या वर जातो, म्हणजे मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त. व्हिस्कीचा साठचा एक पेगसुद्धा तसाच घेतला तर ४०च्या आसपास नेतो. बाईमाणसाला किंवा बारीक अंगाच्या माणसाला अजून जास्त. आणि हे उतरतं तासाला १५-२० मिलिग्रॅम, त्यामुळे रात्री बाराला १५० असलेला माणूस सकाळी सहाला 'झोप झाली, उतरली' म्हणून गाडी काढतो तेव्हाही तो तीसच्या वर असू शकतो. पुदिना, पान, ब्लॅक कॉफी यातलं काहीही हा वेग वाढवत नाही, पोलीस फुंकायला लावतात ते मशीन (ब्रेथ ॲनालायझर) फुफ्फुसातली हवा मोजतं, तोंडाचा वास नाही.

'फुंकायला नकार द्या, पुरावाच राहत नाही.' सगळ्यात घातक टिप हीच. पोलिसाला दारूचा सबळ संशय असेल आणि तुम्ही फुंकायला नाही म्हणालात तर कलम २०३ खाली तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मग रक्ताचा नमुना मागितला जातो आणि योग्य कारणाशिवाय तोही नाकारला तर कलम २०५ प्रमाणे कोर्टात तो नकारच तुमच्या विरुद्ध जातो. म्हणजे जो माणूस कदाचित २५वर सुटला असता तो स्वतःच्या हाताने केस बांधून देतो. मशीनवर शंका असेल तर सरळ म्हणा की साहेब, माझी ब्लड टेस्ट करा. आत्ताच माउथवॉश मारला असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकवा म्हणा, कारण तोंडात राहिलेल्या अल्कोहोलने आकडा फुगू शकतो.

'दोन तासांत मेडिकल झालं नाही तर केस रद्द.' यात अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. कलम २०२ म्हणतं की अटक केल्यावर दोन तासांत तपासणी झाली नाही तर त्या माणसाला कोठडीतून सोडावं. कोठडीतून. केस मिटते असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

'हवालदाराला अधिकार नाही' हेही तसंच, कायद्यात 'गणवेशातला पोलीस अधिकारी' एवढंच आहे. 'गाडी उभीच होती' म्हणणाऱ्यांसाठी, कलमात गाडी चालवायचा प्रयत्नही धरलाय. आणि लिकर परमिट दाखवणारे महाभाग! ते परमिट प्यायचं आहे हो, चालवायचं नाही.

'दहा हजार तिथेच भरा, विषय संपला.' नाही संपत. सिग्नल तोडल्यावर चलान जागेवर मिटतं कारण ते गुन्हे कलम २०० च्या यादीत आहेत, त्या यादीत १८५ नाही, त्यामुळे कोर्टाची पायरी चढावीच लागते. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीनंतर लायसन्सही जप्त करून आरटीओकडे पाठवतात. जागेवर मिटवतो म्हणून कोणी रोख घेतली असेल तर तो दंड नव्हता एवढं समजून घ्या.

'गांजा मशीनमध्ये येत नाही.' खरंय, मशीनमध्ये नाही येत, रक्त-लघवीत येतो. नशेमुळे गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल तर तेच कलम १८५, तीच शिक्षा, वर अमली पदार्थ सेवनाची एनडीपीएसची (अमली पदार्थविरोधी कायद्याची) केस वेगळी.

शेवटची टिप वाचून खरंच संताप आला, 'ॲक्सिडेंट झाला तर फक्त निष्काळजीपणाचा गुन्हा लागतो, लगेच जामीन'. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. ड्रायव्हर अॅलिस्टर परेराच्या रक्तात अल्कोहोल सापडलं होतं. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवधात तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम करताना ही शिक्षाही कमीच आहे, पण वाढवून मागायला सरकारने अपीलच केलेलं नाही असं नोंदवलं. आता बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहितेत) निष्काळजीपणाने मृत्यूला ५ वर्षांपर्यंत आणि सदोष मनुष्यवधाला कलम १०५, म्हणजे जन्मठेपेपर्यंत. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघात प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टर आत गेले ते २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी बघितलं.

इन्शुरन्सचं तर मेसेजमध्ये नावही नाही. पिऊन ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, टेस्ट झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून पिणं सिद्ध करता येतं असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. समोरच्याला भरपाई बऱ्याचदा कंपनी आधी देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. हाच मेसेज अमेरिकेतल्या भाच्याला पाठवणाऱ्या काकांनी एवढं करा, तो डिलीट करा, तिकडे नुसत्या डीयूआय (नशेत गाडी चालवल्याच्या) अटकेवरून, शिक्षा व्हायच्या आधी, व्हिसा रद्द होऊ शकतो.