सातासमुद्रापलीकडची ॲम्बॅसॅडर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ज्या सद्गृहस्थांच्या गाठीला केळीचे किंवा कापसाचे चार पैसे साठले आहेत, ज्यांचे शेत घेऊन झाले आहे, बंगल्यावर दुसरा मजला चढवून झाला आहे आणि तरीही भाऊबंदांच्या डोळ्यांत अपेक्षित जळजळ दिसत नाही, त्यांनी आता विलायतेतून एखादी जुनी मोटार मागवावी, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. नवी परदेशी मोटार आजकाल कोणीही हप्त्यांवर घेतो, त्यामुळे तिच्यात राम उरलेला नाही. जुन्या मोटारीच्या बाबतीत सरकारनेही मोठ्या मनाने दार किलकिले केले आहे. पूर्वी 1950 सालाच्या आधी तयार झालेलीच गाडी विंटेज म्हणून देशात आणता येत असे. 2025 पासून पन्नास वर्षांहून जुनी कोणतीही गाडी स्वतःच्या वापरासाठी आयात परवान्याविना आणता येते. ‘स्वतःच्या वापरासाठी’ हे शब्द आपण लक्षात ठेवावेत, कारण त्यांची गंमत पुढे येणार आहे.

गाडी कोणती आणावी, याचा फार घोळ घालू नये. आपण सरळ मॉरिस ऑक्सफर्ड, सीरीज तीन, हीच निवडावी. ही गाडी 1956 ते 1959 या काळात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे तयार होत असे. हिंदुस्थान मोटर्सने तिचाच आराखडा घेऊन पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसॅडर बनवली आणि 2014 सालापर्यंत किरकोळ फेरफार करीत बनवतच राहिली. म्हणजे ही गाडी देशात एकदा येऊन, अर्धशतकाहून अधिक काळ नांदून, पुढाऱ्यांच्या डोक्यावरचा लाल दिवा वाहून निवृत्तही झाली आहे. असे असताना ती पुन्हा आणण्यात जो मोठेपणा आहे, तो केवळ गरज म्हणून वस्तू विकत घेणाऱ्यांना कळणार नाही. शिवाय सुटे भाग लागले, तर ते कोणत्याही मोठ्या भंगार बाजारात पडलेल्या ॲम्बॅसॅडरमध्ये शोधता येतील. फक्त ते रात्री, ओळखीच्या मिस्त्रीमार्फत आणावेत.

आता खर्चाकडे वळू. समजा, गाडी 8 लाखांना मिळाली आणि जहाजभाडे व विमा मिळून 2 लाख झाले. भोळा माणूस 8 लाखांवर कर भरण्याची तयारी ठेवील. परंतु सीमाशुल्क भाडे आणि विमा धरून झालेल्या 10 लाखांवर लागते, म्हणजे गाडीने समुद्रप्रवास केला याबद्दलही आपण शुल्क भरतो. वापरलेल्या मोटारीवर मूळ शुल्क वर्षानुवर्षे 125 टक्के होते आणि अधिभार धरून ते 137.5 टक्क्यांवर जात असे. 2025 च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क एकदम 70 टक्क्यांवर आणले, तेव्हा काही हौशी मंडळींनी पेढेही वाटले असतील. पण उरलेले 67.5 टक्के त्याच अर्थसंकल्पाने कृषी पायाभूत सुविधा उपकर म्हणून लावले आणि बेरीज जिथल्या तिथे ठेवली. आपल्यासारख्या शेतकऱ्याला यापेक्षा मोठे समाधान कोणते असणार? कापसाच्या भावाबद्दल सरकारला काय वाटते ते सांगता येत नाही, पण विलायती मोटारीतून शेतीचा विकास व्हावा ही त्याची तळमळ मात्र टक्केवारीनिशी नोंदलेली आहे. असे पावणेचौदा लाख भरून गाडी पावणेचोवीस लाखांची झाली की, वस्तू व सेवा कर या फुगलेल्या रकमेवर लागतो. कराला कर लागलेला पाहण्याचे भाग्य त्यामुळे लाभते.

कागदावरची किंमत कस्टम्सवाले खरी मानतीलच असे नाही, म्हणून गाडीचे मूल्य ठरवणाऱ्या चार्टर्ड इंजिनिअरच्या दाखल्याचीही तयारी ठेवावी. तोपर्यंत न्हावा शेव्याला कंटेनर उभा राहील आणि मोफत मुदत संपल्यावर त्याचे भाडे दररोज वाढेल. याच बंदरातून रावेर-यावलची केळी शीतपेटीतून आखाताकडे जातात, आणि ती नाशवंत असल्यामुळे सगळे घाई करतात. आपली गाडी पंचावन्न-साठ वर्षांपूर्वीच नासून झालेली असल्याने तिच्यासाठी कोणी घाई करण्याचे कारण नाही.

नोंदणीचे नियम 2021 पासून अगदी स्पष्ट आहेत. सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे; नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षे. विम्याचा कागद आणि कस्टम्सचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा नोंदकागद, सोबत जोडावे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खास अक्षरे येतात, जिल्ह्याचा आकडा मात्र येत नाही. आयुष्यभर ‘एमएच 19’ ची पाटी मिरवणाऱ्याला हे थोडे लागेल, पण प्रतिष्ठेसाठी जिल्हा सोडावा लागतो.

आणि मग ती गंमत. ‘स्वतःच्या वापरासाठी’ म्हणून आणलेली ही गाडी या नियमांप्रमाणे नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी तिला बाहेर पडण्याची मुभा आहे. आम्ही आपणास यांपैकी दुरुस्ती हे कारण सुचवतो, कारण ते कायम खरे असेल.

त्यासाठी खान्देशासारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. ज्या गावाच्या धुक्यासाठी ही गाडी घडली, तिथे हीटर बसवलेली गाडी थोडी महाग मिळते. तीच आपण घ्यावी, म्हणजे मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसवर गेला की तो हीटर काढून कोठे ठेवावा, हा एक विषय घरात चर्चेला राहील. अशा उन्हात कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी भर चौकात मुकाट्याने थांबते. त्यात आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, ज्याची त्या काळच्या रबरी नळ्यांशी आणि सीलशी ओळखच झालेली नाही. मिस्त्रीच्या मिलिमीटरच्या पान्यांना इंची मापाचे नट बसत नाहीत, हे त्याला पहिल्या दिवशी सांगू नये. त्याचे त्याला कळू द्यावे.

गाडी दारात उतरली की गाव जमेल. आपण कापड ओढून तिचे दर्शन घडवाल, क्षणभर शांतता पसरेल आणि पारावरचा एखादा म्हातारा पुढे होऊन म्हणेल, “हाई त आमदारनी ॲम्बॅसॅडर शे ना भो!” यावर संतापू नये. आराखडा कोणाचा, आधी कोण जन्मले, बोनेट वेगळे कसे, हे समजावण्याच्या भरात आपण जितके बोलाल तितकी ती गाडी त्यांना अधिकच आमदारांची वाटू लागेल. या घोळक्यात कोणी शहाणा निघाला, तर तो असेही विचारील की, पन्नास वर्षांपूर्वीची देशी ॲम्बॅसॅडर मूळ स्थितीत असेल, तर तिचीही अशीच विंटेज म्हणून नोंदणी होते ना? अशा माणसाला चहा देऊन लवकर वाटेला लावावे.

राहता राहिला वरातीचा प्रश्न. पुतण्याचे लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास निघेल आणि नवरदेव मॉरिसमध्येच बसणार, असा हट्ट सगळ्या वाड्याचा असेल. व्यावसायिक वापराला बंदी आहे, म्हणून भाडे घेऊ नये. भाऊबंदांकडून ते मिळालेही नसते. आरटीओने विचारलेच, तर हे प्रदर्शन आहे असे ठामपणे सांगावे, कारण वरात दुसरे काही असतच नाही. दुपारच्या उन्हात बँडच्या पुढे-मागे होत गाडी बंद पडली, तर वऱ्हाडी मंडळींना बाह्या सरसावायला लावावे. विंटेज गाडी चालवण्यावर नियमांनी कितीही बंधने घातली असली, तरी ती ढकलण्यास त्यांत कोठेही मनाई नाही.